साठ बुटके आणि एक डोंगर

९ तारीख, मंगळवार
ही रोजनिशी एक तारखेला सुरू करायची होती. वही तर आदल्या दिवशीच आणून ठेवली होती. पण एक तारखेला धड पेन नव्हतं. दोनला पेन आणलं, पण मूड नव्हता. तीनला मूड होता, तर समोरच्या इमारतीवर चार माणसं बोर्ड चढवत होती, ते बघण्यात दुपार गेली. बोर्ड शेवटी तिरकाच लागला. नंतरचे पाच दिवस कुठे गेले ते सांगता येणार नाही. असो. उशीर झाला म्हणजे विचार मुरला.

तर परिस्थिती अशी. मुक्काम ताईच्या घरी, तिसरा मजला, मागची खोली. खिडकीला गज. सात वर्षांत मी एवढे दिवस एका जागी राहिलेलो नाही. नावेवर तिकिटं फाडली, कोल्ड स्टोरेजमध्ये खोकी मोजली, एका पेंटरच्या हाताखाली दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पाट्या अकराच दिवस. पण ताई हे दाजींपुढे एकदा बोलून गेली आणि तिथेच मी अडकलो.

दाजी, म्हणजे ताईचा नवरा, लिफ्टच्या कंपनीत तक्रारींच्या फोनवर असतात. दिवसभर लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना सांगतात, घाबरू नका, हवा खेळती आहे, माणूस निघालाय. घरी आले की त्यांचा जीव एकाच गोष्टीत. लढाईचा खेळ. मोठं टेबल, त्यावर डोंगर-झाडं मांडायची, करंगळीएवढी प्लास्टिकची माणसं दोन्ही बाजूंना उभी करायची, फासे टाकायचे आणि टेप लावून इंच-इंच पुढे सरकवायची. दाजींकडे बुटक्यांचं सैन्य आहे. लांब दाढ्या, कुऱ्हाडी, चिलखतं. साठ नग, त्यात एक राजा. चार वर्षं खोक्यात पडून आहेत, कारण दाजींचा हात थरथरतो आणि त्यांच्या क्लबात न रंगवलेलं सैन्य टेबलावर चालत नाही. प्रत्येक नगावर कमीत कमी तीन रंग पाहिजेत, असा लेखी नियम. त्यामुळे चार वर्षं दाजी वार्षिक सामन्याला जातात आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत पेन्सिल घेऊन दुसऱ्यांचे गुण लिहितात.

या वर्षीचा सामना २८ ला, रविवारी, दुपारी बाराला. दाजींनी खोकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, रंग तुझ्या आवडीचे, डोंगर तुझ्या मनासारखा, फक्त पूर्ण कर. ताई नंतर स्वयंपाकघरात म्हणाली, लग्नाला चौदा वर्षं झाली, या माणसानं आजवर कुणाकडे काही मागितलं नाही. तुझ्याकडे मागितलंय. एवढं एक काम शेवटपर्यंत ने रे.
मी म्हटलं, अगं एकोणीस दिवस आहेत.

१० तारीख, बुधवार
हिशेब केला. रोज चार केले तर पंधरा दिवस. म्हणजे आजचा दिवस निव्वळ विचाराला देता येतो.

दाजींनी छोट्या डब्या दिल्यात, खास याच कामाच्या. लाल, पिवळा, चंदेरी वगैरे. बालवाडी. मला रंगात हवामान हवंय. म्हणून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, भिंत आतली की बाहेरची? म्हटलं, दाढी. म्हणाला, किती स्क्वेअर फूट?
अशा माणसांशी बोलण्यात अर्थ नसतो. शेड कार्डं मात्र उत्तम होती. एकेचाळीस आणली.

१२ तारीख, शुक्रवार
काल कार्डं जमिनीवर मांडली. आज पंख्याने उडाली. पुन्हा मांडताना लक्षात आलं की आधी या लोकांचा देश कसा आहे ते ठरवायला हवं, मग रंग आपोआप सुचेल. देश ठरवला. थंड, खाणींचा, सूर्य दिवसातून एक तास. मग त्यांची नदी कुठून येते हा प्रश्न आला. नकाशा काढला. संध्याकाळ झाली.

ताई डोकावली. किती झाले विचारलं. मी नकाशा दाखवला. म्हणाली, हे बुटके रंगवून झाले की फिरायला जाणार आहेत का?

१३ तारीख, शनिवार
रंग ठरला! निळसर राखाडी. कार्डवर ‘शांत बंदर’ असं नाव आहे. लोखंडी दारं-खिडक्यांना लावतात तो ऑइलपेंट, पाव लिटर. एकदा लावला की वीस वर्षं निघत नाही असं डब्यावर लिहिलंय. दाजींच्या डब्यांवर असं काही लिहिलेलं नाही.

आता रोज चार नाही, रोज पाच.

१५ तारीख, सोमवार
सगळे साठ एकाच दिवशी! एकेक नग ब्रशने करत बसणं हे क्लबवाल्यांचं काम. मी दोऱ्याला बांधून सरळ डब्यात बुडवले आणि कपड्यांच्या दोरीवर वाळत टाकले. ताई वाळलेले कपडे काढायला आली आणि किंचाळली. तिच्या निळ्या ओढणीवर आणखी थोडा निळा लागला. त्यात एवढं ओरडण्यासारखं काय?

पुढचे तेरा दिवस आता बारीक-सारीक कामाला मोकळे. इतका पुढे मी आयुष्यात कधी नव्हतो.

१६ तारीख, मंगळवार
दुपारी चारचं ऊन खोलीत आलं आणि सगळं सैन्य सरकारी कपाटासारखं दिसायला लागलं. अजून चिकटच आहेत. एकाला उचलून जवळून पाहिलं तर त्याच्यात कसली जिद्द नाही. रजा मागायला आल्यासारखा उभा. हे लढणार नाहीत.

चूक माझी नाही, शेड कार्ड उन्हात बघायला हवं असं दुकानदाराने सांगायला हवं होतं.

१८ तारीख, गुरुवार
नवा रंग, तांबूस. ‘जुनी वीट’. पुन्हा बुडवले. ताई म्हणाली, आधीचा रंग काढून तरी घे. मी समजावलं की इतिहास असा पुसून टाकत नसतात, खालचा निळा हा त्यांचा भूतकाळ आहे. ती म्हणाली, तुझाही तसाच आहे, खाली काय आहे कुणालाच दिसत नाही.

एक फायदा झाला. कुऱ्हाडींच्या कडा फार धारदार होत्या, बोटाला लागायच्या. आता लागत नाहीत. चेहरेही शांत दिसतात. दाढीच्या रेषा होत्या त्या जवळपास भरून आल्या आहेत.

दाजींनी रात्री जेवताना विचारलं, एखादा बघायला मिळेल का? म्हटलं, वाळतायत, खोक्याचं झाकण उघडलं तर धूळ बसेल. ते लगेच म्हणाले, हो हो, नको नको. आणि पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरून प्यायले. इतक्या सहज ऐकणाऱ्या माणसाचं मला कधीकधी टेन्शन येतं.

२० तारीख, शनिवार
आज डोंगर. सैन्याला भूमी पाहिजे. बेघर असण्यातला त्रास मला कोणी शिकवायला नको.

खालच्या मजल्यावर नवीन फ्रिज आला होता, त्याचा सगळा थर्माकोल उचलून आणला. प्लायवूडच्या फळीवर कडे रचले. सुळका, घळ, एक पूल. खरं सांगतो, मलाच क्षणभर तिथे राहायला जावंसं वाटलं. मग काळा रंग द्यायला स्प्रेचा कॅन मारला.

थर्माकोल स्प्रेने वितळतो. हे कॅनवर बारीक अक्षरात आहे. सुळका माझ्यासमोर हळूहळू खाली बसला, दमून आलेला माणूस बसतो तसा. पूल गेला. वास इतका की ताईने तोंडाला टॉवेल बांधून खिडक्या उघडल्या.

आता तिथे दरी आहे. दरीसुद्धा भूमीच आहे.

२१ तारीख, रविवार
क्लबातला दातांचा डॉक्टर दाजींना सामन्याचा तक्ता द्यायला घरी आला होता. अकरा वर्षं तोच जिंकतो. यंदा पहिली फेरी दाजींची त्याच्याशीच. दाजींना धास्ती वाटायला हवी, तर ते लग्नातल्या वऱ्हाड्यासारखे खूश. म्हणाले, हरलो तरी चालेल हो, तुमच्यासमोर उभं राहायला मिळतंय.

डॉक्टर मला म्हणाला, रंग पातळ करा बरं का, दुधासारखा. जाड थर बसला की सगळं बुजतं. मी मान हलवली. याचं सगळं आयुष्य लोकांच्या तोंडात गेलंय, त्याला विस्तार काय कळणार. शिवाय म्हणाला, यंदा तपासायला पुन्हा त्याच बाई आहेत. त्या निवृत्त होईपर्यंत ड्रायव्हिंग लायसन्सची परीक्षा घ्यायच्या. अर्ध्या गावाला त्यांनी नापास केलंय. तीन रंग म्हणजे तीन, भिंग घेऊन मोजतात.

तीन रंग! नियम डोक्यातून पार निघून गेला होता. माझे दोनच झालेत.

२२ तारीख, सोमवार
तिसरा रंग दिला. ‘पावसाळी शेवाळ’, गडद हिरवा. पुन्हा बुडवून. सगळा डबा संपला. आता प्रत्येकावर निळा, तांबडा, हिरवा, बरोब्बर तीन. एकावर एक आहेत आणि वरून फक्त हिरवा दिसतो, हे खरं. पण रंग शेजारी-शेजारीच पाहिजेत असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही. मी दाजींचं नियमांचं पुस्तक सगळं वाचलं. म्हणजे पहिली आठ पानं. मग एका राक्षसाचं चित्र आलं, त्यात वेळ गेला.

ताईने बुटक्यांच्या खोक्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, हे साबणाचे उरलेले तुकडे आहेत का?
मी झाकण लावून घेतलं.

२३ तारीख, मंगळवार
ताई पहाऱ्यावर आहे. याच्यापेक्षा ओरडलेली परवडते. घरात जाईन तिथे ती आधीच उभी. बाहेर पडावं तर चपला कपाटात आणि कपाटाची किल्ली तिच्याकडे. म्हणे, काम झालं की देते. मी चोवीस वर्षांचा माणूस आहे.

दाजी मात्र संध्याकाळी ऑफिसातून येताना नवा टेप घेऊन आले, इंच मोजायला. जेवणाच्या टेबलावर मीठदाणीपासून पाण्याच्या जगपर्यंत मोजून पाहत होते. म्हणाले, बुटके एका चालीत पाच इंच जातात, सावकाश जातात पण मागे हटत नाहीत. मी म्हटलं, हं.

अर्धी पोळी टाकून उठलो. बहुतेक वासामुळे.

२५ तारीख, गुरुवार
निर्णय घेतला. सैन्य जसं आहे तसं आहे, आता सगळा जोर डोंगरावर. डोंगरच असा उभा करायचा की लोकांचं बुटक्यांकडे लक्षच जाणार नाही. खालच्या मजल्यावर गिलावा चालू आहे, तिथल्या मिस्त्रीने उरलेलं सिमेंट आणि पुट्टी दिली. विचारलं, कितीसं लागेल? म्हटलं, एक पर्वतरांग.

दोन जुन्या फळ्या मिस्त्रीकडून ठोकून घेऊन एक लांब फळी केली. चार डब्यांवर आडवी टाकली. खोलीच्या भिंतीपासून थेट दारापर्यंत पोचली, जणू मोजून घेतली. ताई सारखी डोकावू नये म्हणून दार लावून घेतलं. उद्या सकाळी सुरुवात.

२६ तारीख, शुक्रवार, दुपारी
झाला! जन्मात असं काही केलं नव्हतं. सकाळी सहापासून हात थांबला नाही, एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही. सर्वांत उंच कडा दाराच्या बाजूला, कारण प्रकाश तिथे छान पडतो. पायथ्याशी सिमेंट जरा जास्त ओघळलं, ते तसंच जमिनीपर्यंत जाऊ दिलं. नैसर्गिक वाटतं.

दुपारी, जरा वेळाने
दार उघडत नाही.

दार आतल्या बाजूला उघडतं. दोन बोटं उघडतं आणि फळीला अडतं. खालची बिजागरी डोंगराच्या पोटात गेली आहे. फळी उचलून पाहिली. हलतही नाही.
घाबरायचं कारण नाही. खोलीला बाथरूम जोडून आहे, नाहीतर यापुढच्या नोंदी फार वेगळ्या झाल्या असत्या.

संध्याकाळी
ताईने चहा औषधाच्या चपट्या बाटलीतून फटीतून दिला. कप मावत नाही. ब्रेड मावतो. म्हणाली, हातोडी देते, फोड तो डोंगर आणि बाहेर ये. हातोडी मावली नाही.

मग दाजी ऑफिसातून आले. दाराशी खाली बसले आणि त्यांच्या त्या फोनवरच्या आवाजात म्हणाले, घाबरू नकोस, हवा खेळती आहे, माणूस निघालाय. सुतार सोमवारी सकाळी येणार होता. पुढे सवयीने विचारलं, आत एकूण किती जण आहात? मी म्हटलं, एकसष्ट.
ते खूप हसले. मग फटीला डोळा लावला आणि हसायचे थांबले. म्हणाले, अरे, हा डोंगर तू केलास? एकट्याने? ताई मागून म्हणाली, फोडायला सांगा त्याला. दाजी म्हणाले, छे छे, काय बोलतेस. तो कडा तर बघ.
बराच वेळ डोळा तिथेच होता.

२७ तारीख, शनिवार
दाजींनी आज सुट्टी घेतली. तोडगा त्यांनीच काढला. डोंगर राहू दे, क्लबात टेबलावर त्यांचा डोंगर असतोच. पण बुटके दोन बोटांच्या फटीतून एकेक करून बाहेर येऊ शकतात. मी म्हटलं, अजून थोडे ओले आहेत. ते म्हणाले, एकच दे, नुसता बघतो.
मग दिला. काय करणार.

फटीच्या पलीकडे चष्मा काढून पुन्हा लावल्याचा आवाज. मग दाजी म्हणाले, वजन चांगलं आलंय.

ताई म्हणाली, वजन? हा काय भाजीचा काटा आहे? त्याचं तोंड कुठे आहे ते विचारा. दाजी तिला हळूच म्हणाले, राहू दे गं. मग मला विचारलं, तीन रंग आहेत ना? मी एकावर एकचा मुद्दा समजावून सांगितला. भूतकाळाचंही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, हं, बाईंना विचारावं लागेल.

फटीतून त्यांनी तो मला नीट उभा धरून परत दिला.

२८ तारीख, रविवार, सकाळी ९
दाजी गेले. सैन्य न घेता. शार्पनरचा आवाज आला, पेन्सिलला टोक केलं असणार. दाराशी येऊन म्हणाले, वाईट वाटून घेऊ नकोस, मला गुण लिहायची सवय आहे, कुणीतरी लिहावेच लागतात.

काही माणसं फार लवकर माघार घेतात. मी त्यांच्या जागी असतो तर बाईंशी नियमावर भांडलो असतो.

सकाळी ९:४०
मी त्यांच्या जागी असतो तर दोन दिवसांपूर्वीच हा डोंगर फोडायला लावला असता.

सकाळी १०:१५
चहा आला नाही. ब्रेडही नाही. ताई फटीजवळ येऊन एवढंच म्हणाली, त्यांनी नवा शर्ट शिवून घेतला होता आजच्यासाठी. जुना घालून गेले.

ठरवलं. डोंगर फोडायचा, बाहेर पडायचं, चपला असोत नसोत, पहिली मिळेल ती बस. यांनाही सुटका, मलाही. रंगाचा रिकामा डबा उचलून कड्यावर घातला. डबा चेपला. पलंगाच्या लोखंडी पायाने मारलं. पाय वाकला. कड्याचा टवकाही उडाला नाही. आयुष्यात आजवर मी केलेलं काहीही आठवडाभर टिकलेलं नाही. एवढंच टिकलं.

सकाळी १०:५०
ब्लेडने एका बुटक्याचा चेहरा खरवडायला घेतला. हिरव्याखालून तांबडा निघाला, त्याच्याखाली निळा. डोळा होता तिथे डोळा सापडेल असं वाटलं होतं. नाक निघून आलं. थांबलो.

सकाळी ११:२५
बेल वाजली. मला वाटलं सुतारच एक दिवस आधी आला. जिन्यात फार पावलं आहेत. दाजींचा आवाज येतोय, एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. सांगतायत, या, या, चपला राहू द्या, पोरानं एकट्यानं उभा केलाय, तुम्ही बघा तर.

म्हणजे यांनी क्लबात जाऊन माझी तक्रार केलीच नाही. दोन तास डोंगराचं वर्णन केलं.

फटीतून आधी डॉक्टरचा डोळा आला. म्हणाला, वा! त्याचं सैन्य दोन बॅगांत बरोबर आणलंय. दाजी बाहेरून चाल सांगणार, डॉक्टरही बाहेरून सांगणार आणि आतून दोघांची माणसं मी सरकवायची, असं जिन्यातच ठरलंय म्हणे. पाच-सहा तास लागतात. दाजींना खेळायला मिळेल. ताई कपाट उघडून नवा शर्ट काढतेय, हँगरचा आवाज आला.

आणि आता डॉक्टरचा डोळा बाजूला झाला, आणि तिथे भिंग आलं आहे. भिंगामागे डोळा केवढा मोठा दिसतो. तपासणीच्या बाई. दाजी म्हणतात, बाई कधी कुणाच्या घरी जात नाहीत. पण त्या आल्यात, स्वतः, तीन जिने चढून. धाप लागलीय, तरी आवाज करडा. म्हणतायत, बारा वाजायला पस्तीस मिनिटं आहेत, सगळे साठ बघत बसणार नाही. फक्त राजा बाहेर द्या. राजा पास, तर सैन्य पास.

साठही जण समोर ओळीने मांडलेत. दाजी बाहेरून सांगतायत, घाबरू नकोस, सावकाश दे.
यातला राजा कोणता ते बघतोय.